सावित्राबाईंच्या मापाची जाळी

नंदाबाईंना ज्या बाईनं ओढ्यातून बाहेर काढलं, तिनं त्यांना केसांना धरून काढलं. पुढं पुढं ही हकिकत सांगताना नंदाबाईंना हसू यायचं. पण श्रावणातल्या त्या दुपारी हसण्यासारखं काही नव्हतं.

नंदाबाई परंदवडीच्या. शेती भाताची, दारात म्हशी, मुलगा कंपनीत. सगळा जन्म मावळात गेला, पण भाज्याची लेणी काही त्यांनी पाहिली नव्हती. त्या वर्षी लावणी वेळेत उरकली आणि सून राजेश्वरीनं मनावर घेतलं.

"आई, लांबलांबून माणसं येतात बघायला. आपण इथं राहून गेलो नाही कधी."

"डोंगुरच तर हाय. त्यात काय बगायचं," असं म्हणत म्हणत नंदाबाई तयार झाल्या. त्यांचे मालक बजरंगराव म्हणाले, मीबी येतो. रविवारची गर्दी नको म्हणून मधला वार धरून तिघं निघाले. मळवलीला गाडीतून उतरून चालत भाज्याला गेले, पायऱ्या चढले, लेणी पाहिली. नंदाबाईंना ती आवडली. इतका मोठा दगड माणसांनी छिन्नीनं पोखरला आणि बाहेर पाऊस असताना आत कोरडं राहतं, याचं त्यांना फार नवल वाटलं.

खाली उतरल्यावर वाटेत चहाची टपरी होती. बजरंगराव आणि राजेश्वरी तिथं थांबले. नंदाबाईंचे पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरले होते. "तुमी चा सांगा, मी पाय धुवून येते," म्हणून त्या शेजारच्या ओढ्याकडं गेल्या.

ओढ्याला घोट्याएवढं पाणी होतं, तळचे गोटे दिसत होते. खाली नुसती भुरभुर होती, पण वर डोंगरावर कुठंतरी जोराचा पाऊस झाला असावा. नंदाबाई वाकून चपला धूत होत्या, तेवढ्यात पाण्याचा रंग बदलला. त्या सरळ उभ्या राहीपर्यंत लाल गढूळ पाणी गुडघ्याला लागलं, आणि दुसऱ्याच क्षणी पाय सुटले.

त्यापुढचं त्यांना तुकड्यातुकड्यानं आठवत होतं. तोंडात गेलेली माती. खांद्याला बसलेला दगड. कुणीतरी पदराला धरल्यासारखं वाटलं आणि पदर गेला. मग डोक्याला असा हिसका बसला की वाटलं, आता कातडं सोलून निघतं. डोळ्यांसमोर एक हात होता. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेला, हिरव्या बांगड्यांचा. नंतर त्या काठावर पालथ्या पडल्या होत्या, पाणी ओकत होत्या, आणि कपाळावरून काहीतरी ऊन ऊन ओघळत होतं.

आरडाओरडा ऐकून बजरंगराव धावत आले. त्यांना दिसलं ते एवढंच, की एक अनोळखी बाई आपल्या बायकोच्या अंबाड्यात मूठ घालून तिला दगडांवरून ओढते आहे आणि बायकोच्या तोंडावर रक्त आहे.

"ए, सोड तिला," म्हणून ते ओरडले आणि त्यांनी दोन्ही हातांनी त्या बाईला ढकलून दिलं. ती बाजूच्या दगडांवर पडली.

"आबा, अहो काय करताय? त्यांनीच काढलं आईंना," राजेश्वरी मागून ओरडत आली.

बजरंगरावांना ते कळायला थोडा वेळ लागला. तोवर माणसं जमली, कुणीतरी जीप आणली, नंदाबाईंना उचलून आत निजवलं. जीप सुटताना बजरंगरावांनी मागं वळून पाहिलं. ती बाई कुठं दिसली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की डोक्याच्या मागच्या बाजूला, टाळूच्या खाली, जखम मोठी आहे. भोवतालचे केस कापून टाके घालावे लागले. खांदा सुजला होता, बाकी सगळं ठीक होतं.

नंदाबाईंचे केस म्हणजे माहेरापासूनची त्यांची ओळख. लग्नात त्यांची वेणी बघायला बायका जमल्या होत्या. आता साठी जवळ आली तरी अंबाडा मुठीत मावत नसे. जखमेमुळं कितीतरी दिवस डोक्याला फणी लावता आली नाही. कुणी हळहळलं तर त्या म्हणायच्या, "केस गेलं त्याचं काय, डोकं ऱ्हायलं न्हवं का जागेवर?" हे त्या मनापासून म्हणायच्या. तरी तेल लावताना हात त्या उघड्या जागेवर गेला की जरा थबकायचा.

गौरी जवळ आल्या. हळदीकुंकवाला बायका येणार, आणि टाके निघाले तरी अंबाडा घातला की वरचा चट्टा दिसायचा. राजेश्वरीनं मोबाइलवर काहीबाही पाहिलं आणि सासूपुढं धरलं. अंबाड्यावर घालायची क्रोशाची जाळी होती, फुलाच्या नक्षीची, कडेला मोती लावलेली.

"आई, तुम्हाला क्रोशा येतो ना?"

"शाळंत शिवणाच्या बाईंनी शिकवला व्हता. लगीन झाल्यावर रेडिओवरचा रुमाल केला, दाराला तोरण केलं. आता हात वळायचा न्हाई."

पण सुई त्यांनी जपून ठेवली होती, बटणांच्या डब्यात. राजेश्वरीनं वडगावच्या बाजारातून दोरा आणला. पहिली जाळी इतकी घट्ट झाली की वाटीसारखी उभी राहिली. दुसरी इतकी सैल की बजरंगराव म्हणाले, "ह्यात तांदूळ चाळता यील." नंदाबाईंनी दोन्ही उसवल्या. मधोमध साखळीचं कडं करायचं, त्यातून उभ्या टाक्यांचे खांब काढत गोल वाढवत न्यायचा, अंबाड्याएवढा झाला की टाके कमी करत तोंड आवळत आणायचं. एवढंच काम, पण दोरा बोटावर किती ताणायचा हे बोटांनाच आठवावं लागतं. ते आठवायला काही दिवस गेले. आठवल्यावर मात्र त्या म्हशीची धार काढून आल्या की ओट्यावर बसायच्या आणि अंधारून येईपर्यंत हात थांबायचा नाही.

गौरींना नंदाबाईंनी काळ्या दोऱ्याची जाळी घातली. चट्टा झाकला गेला आणि शेजारच्या भागुबाई म्हणाल्या, "लय भारी दिसतं की गं."

गौरी गेल्या त्या संध्याकाळी नंदाबाई सुनेला म्हणाल्या, "आता डाळिंबी दोरा आण. आन् पांढरं मोती."

"अजून एक करताय?"

"तिच्यासाठी. जिनं मला काढली."

राजेश्वरी म्हणाली, "साडी देऊ ना चांगली. जाळी काय आई, एवढीशी वस्तू."

"साडी दिऊच. पर साडी दुकानात मिळती. तिनं माझ्या केसास्नी हात घातला म्हून मी आज हितं बसले. तिच्या डोक्यावर माझ्या हातचं कायतरी जावं असं मला वाटतंय."

बजरंगराव पडवीत बसले होते. त्यांनी ते ऐकलं. त्या दिवसाबद्दल ते कधी बोलत नसत. कुणी विचारलं तर "पाय घसरला, वाचली," एवढं सांगून विषय बदलायचे. बाई कोण होती हे ना त्यांना ठाऊक होतं, ना घरात कुणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेली टोपी घातली, तहसील कचेरीत काम आहे म्हणाले आणि गेले. संध्याकाळी परतले. जेवायला बसल्यावर बोलले.

"सावित्राबाई नाव हाय तिचं. भाज्याच्या वर वाडी हाय डोंगरात, तितं ऱ्हाती. वड्याकडंला मक्याची कणसं भाजून विकायची."

नंदाबाई बघतच राहिल्या. "कचेरीत न्हवता व्हय गेलता? आन् विकायची म्हंजी? आता विकत न्हाई?"

"आता नात बसती. हिचा हात दुखावलाय म्हनं, त्याच दिशी." बजरंगरावांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. "मी ढकललं तवाच झालं आसंल."

"भेटला तिला?"

"न्हाई. वाडीच्या वाटंला लागलो व्हतो. फुडं पाय उचलंना."

नंदाबाईंनी त्यांच्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाल्या, "जाळी हुं दे. मंग दोघं जाऊ."

दसरा झाल्यावर दोघं गेले. पाऊस उघडला होता, भाताला लोंब्या आल्या होत्या. पिशवीत साडी होती, घरचे तांदूळ होते आणि रुमालात गुंडाळलेली डाळिंबी जाळी होती. माप थोडं कमीजास्त करावं लागलं तर असावा म्हणून नंदाबाईंनी सुई आणि उरलेला दोरा बरोबर घेतला होता. ओढा लागला तेव्हा त्या थांबल्या. त्यात घोट्याएवढंच पाणी होतं, तळचे गोटे दिसत होते. बजरंगराव म्हणाले, "चल." त्यांनी हात पुढं केला आणि पलीकडं जाईपर्यंत सोडला नाही.

वाडी म्हणजे डोंगराच्या उतारावरची थोडी घरं. सावित्राबाईंचं घर कडेला होतं, कुडाच्या भिंती, पुढं सारवलेलं अंगण. अंगणात त्या वाल निवडत बसल्या होत्या, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर होता, मनगटाला फडकं गुंडाळलेलं. वरच्या गोंदणावरून नंदाबाईंनी तो हात लगेच ओळखला.

सावित्राबाईंनी मात्र आधी बजरंगरावांना ओळखलं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि आत बघून म्हणाल्या, "आरते, भायेर ये." आतून त्यांची नात आरती आली, कॉलेजात जाणाऱ्या वयाची. ती आजीच्या पुढं येऊन उभी राहिली.

"केस उपटलं म्हून आलाव का?" सावित्राबाई म्हणाल्या. "बाय, दुसरीकडं कुटं धराया घावलंच न्हाई. आमी काय वाईट मनानं केलं न्हाई."

येताना वाटेत नंदाबाईंनी मनात किती बोलून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, पुढं झाल्या आणि वाकल्या. सावित्राबाई दचकून मागं सरल्या. "माझ्या पाया नगं पडू. तुमी मोठ्या घरची मान्सं."

"तुमी काढलं नसतं तर मोठ्या घरचं मढं आसतं," नंदाबाई म्हणाल्या. "आक्का, मी भांडाया न्हाई आले. मी तुमास्नी बगाया आले."

सावित्राबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग हात धरून त्यांना ओटीवर बसवलं.

बजरंगराव अजून अंगणाच्या कडेलाच उभे होते. "मावशी," ते म्हणाले, "मी त्या दिशी तुमास्नी ढकललं."

"व्हय. ढकललं," सावित्राबाई म्हणाल्या.

"मला दिसलं की कोन बाई हिला मारती. इचार केला न्हाई. मागनं कळलं, तवर तुमी नव्हता. मंग यायला तोंड व्हईना. एकदा येऊन वाटंवरनंच माघारी गेलो. माझी चूक झाली."

अंगणात कोंबड्या टोचत होत्या. सावित्राबाईंनी निवडलेले वाल त्यांच्यापासून बाजूला सारले. मग म्हणाल्या, "माझ्या घरच्याला कोन केसं धरून वडताना मी बगितलं आसतं तर मीबी ढकललं आसतं. वर दगूडबी घातला आसता." आणि पुढं म्हणाल्या, "आन् हाताचं मनाला लावून घिऊ नगा, भाऊ. हात वडतानाच गेलता. पान्याला काय कमी जोर व्हता?"

ते खरं होतं की त्यांचं मन राखायला सांगितलं, हे बजरंगरावांना कळलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. ते अंगणातल्या दगडावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

आरतीनं गुळाचा कोरा चहा आणला. नंदाबाईंनी साडी दिली, तांदूळ दिले. मग रुमाल उघडून जाळी पुढं केली.

सावित्राबाईंनी ती डाव्या हातात घेऊन उलटसुलट केली. "ह्ये काय? बारक्या पोराचं टोपडं?"

"अंबाड्यावर घालायची जाळी हाय. मी केली, तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी?" असं म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर मागं सारला. त्यांचा अंबाडा होता लिंबाएवढा. आरतीला हसू आवरेना. तिनं जाळी आजीच्या डोक्यावर धरली तर ती मानेवर आली. सावित्राबाईही हसायला लागल्या, पडलेल्या दातांच्या फटी दिसेपर्यंत.

"आगं बाय, तुझ्या केसाच्या मापानं केलीस व्हय? मला कुटनं आनायचं एवढं? आरतीला दिते, तिचं केस लय."

"न्हाई," नंदाबाई म्हणाल्या. "आरतीला मी दुसरी करून पाठवीन. ही तुमचीच."

आणि त्यांनी टाका सोडून दोरा ओढायला सुरुवात केली. कडेचे मोती काढून आरतीच्या ओंजळीत ठेवले. सावित्राबाई कळवळल्या. "केल्यालं उसवतीस व्हय? डोळं फोडून केलं आसशील."

"उसवल्याबिगर माप न्हाई बसायचं. तुमचं केस मोकळं करू का, आक्का? अंबाडा मी घालते, म्हंजी नेमकं कळंल."

सावित्राबाई जरा संकोचल्या. हात दुखावल्यापासून त्यांना नीट फणी करता येत नव्हती. सकाळच्या घाईत आरती कसेबसे केस गुंडाळून द्यायची. त्यांनी मान हलवली आणि नंदाबाईंकडं पाठ करून बसल्या. आरतीनं तेलाची बाटली आणि फणी आणून दिली.

नंदाबाईंनी केस सोडले. पांढरे, विरळ, खांद्यापर्यंत आलेले. बोटांनी तेल मुरवत त्या हळूहळू गुंता काढू लागल्या. सावित्राबाईंनी डोळे मिटले आणि तशाच बोलू लागल्या.

"तू वाकल्याली मला दिसत व्हतीस. मी म्हनलं, ही बाय पान्याकडं बगत न्हाई. हाक मारावी तवर पानी आलं. काटावर करंज हाय, त्येचं मूळ एका हातानं धरलं आन् उतरले. पयला तुजा पदर धरला, तो नुस्ता हातात आला. मंग मनगट धरलं, त्ये चिखलानं निसाटलं. मंग ह्यो काळा गोळा वर आला. त्यात मूठ घातली. मनात म्हनलं, ह्यो सुटला तर बाय गेली."

नंदाबाईंची फणी चालत होती.

"केस तुटत व्हतं. मला हाताला कळत व्हतं तटातटा तुटल्यालं. म्हनलं तुटूं दे. पर आंबाडा काय सुटला न्हाई. आवळून बांधला व्हता चांगला. सैल आसता तर ऱ्हायली आसती माझ्या हातात केसं आन् तू गेली आसतीस खाली. कुनी शिकवलं एवढं आवळून बांधाया?"

नंदाबाईंचा हात थांबला. "आईनं," त्या म्हणाल्या.

लहानपणी आई ओट्यावर बसवून केस असे पिळायची की डोळे ताणले जायचे. नंदाबाई रडायच्या, पळून जायच्या. आई म्हणायची, सैल बांधलं तर रानात काट्यात अडकतं. आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. त्यांना पदरानं डोळे पुसावे लागले. सावित्राबाईंना मागचं दिसत नव्हतं, पण कळलं असावं. त्या म्हणाल्या, "पूस पूस. मंग कर. मला काय घाई न्हाई."

जरा वेळानं नंदाबाईंनी विचारलं, "तुमी गेला कुटं मंग त्या दिशी? ह्ये म्हनले, वळून बगितलं तर न्हाई."

"सगळी मोबाइल धरून हुबी. येक म्हनला, पोलीस येत्याल. मला भ्या वाटलं. आमाला कोन इचारतंय खरं काय झालं त्ये? कनसं निकाऱ्यावर तशीच टाकली आन् वर आले." त्या थांबल्या. "रातभर वाटायचं, बाय जगली का मेली. मंग आरतीनं टपरीवाल्याला इचारलं. त्यो म्हनला, जगली. तवा जेवले."

बजरंगराव दगडावरून उठून ओटीच्या पायरीवर येऊन बसले होते. ते ऐकत होते.

नंदाबाईंनी घट्ट पण दुखणार नाही असा अंबाडा घातला, दोऱ्यानं माप घेतलं आणि पुन्हा साखळी घालायला बसल्या. शेजारच्या दोघीतिघी बायका येऊन बसल्या. त्या सुईचं टोक दोऱ्यात कसं अडकतं ते बघत राहिल्या. जाळी आता लहान होती, झरझर वाढत गेली. उन्हं कलंडायच्या आत त्यांनी मोत्यांची कड ओवली आणि जाळी सावित्राबाईंच्या अंबाड्यावर बसवली. ती नेमकी बसली.

आरतीनं आरसा आणला. सावित्राबाईंनी मान इकडं वळवली, तिकडं वळवली. "मला तर काय दिसंना."

मग आरतीनं मागून मोबाइलवर फोटो काढून दाखवला. सावित्राबाईंनी तो डोळ्यांजवळ धरला. पांढऱ्या केसांवर डाळिंबी फूल, कडेनं मोती. आपल्याच डोक्याची मागची बाजू त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या.

"बरी दिसती," त्या म्हणाल्या. मग नंदाबाईंना म्हणाल्या, "तूबी बस हिकडं. तुजाबी काढू दे." दोघी पाठमोऱ्या शेजारी शेजारी बसल्या आणि आरतीनं फोटो काढला. त्यात चेहरे नाहीत, एक काळी जाळी आणि एक डाळिंबी जाळी आहे. राजेश्वरीच्या मोबाइलवर तो अजून आहे.

निघायच्या आधी सावित्राबाईंनी जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, वालाचं कालवण, मिरचीचा ठेचा. बजरंगराव आजवर कधी अशा डोंगरातल्या वाडीत पाण्यालाही थांबले नव्हते. ताट पुढं आलं तसं त्यांनी हात धुतले, मांडी घालून बसले आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

मार्गशीर्षात भात झोडून झालं आणि परंदवडीच्या घरात नवा तांदूळ शिजला. त्या दिवशी सावित्राबाई आणि आरती आल्या. बजरंगराव त्यांना आणायला सोमाटणे फाट्यावर गेले होते. सावित्राबाईंच्या मनगटाचं फडकं सुटलं होतं. नंदाबाईंनी त्यांना चुलीजवळ पाटावर बसवलं आणि वाफाळत्या भातावर तूप वाढलं.

पाहुणी कोण आली म्हणून भागुबाई डोकावल्या. "पावन्या कुटल्या गं, नंदा?"

नंदाबाई तोंड उघडणार, तेवढ्यात बजरंगराव बोलायला लागले. त्यांनी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली. ओढ्याला पाणी कसं आलं, या बाईनं झाडाच्या मुळाला धरून कसा जीव धोक्यात घातला, आणि आपण धावत जाऊन तिलाच कसं ढकलून दिलं. ढकलल्याचं सांगताना ते थांबले नाहीत, आवाजही खाली गेला नाही. "ही माझ्या घरात बसल्याली दिसती ना," नंदाबाईंकडं हात करून ते म्हणाले, "ती ह्यांच्यामुळं."

भागुबाई तोंडावर हात ठेवून ऐकत उंबऱ्यावरच बसल्या. राजेश्वरी वाढायची थांबून सासऱ्यांकडं बघत होती.

सावित्राबाई नंदाबाईंच्या कानाशी लागल्या. "तुजं मालक लय बोलत्यात की गं."

"आजच बोलत्यात," नंदाबाई म्हणाल्या.

"मंग बोलू दे," म्हणून सावित्राबाईंनी ताट पुढं केलं. "भात वाढ आजून. वास लय चांगला हाय."